नागिणीच्या नव्हे, जननेंद्रियाच्या हर्पिसची रक्ततपासणी

रिपोर्टवर ‘आयजीएम पॉझिटिव्ह’ दिसलं की माणूस हादरतो, आणि लगेच जोडीदारावर संशय घेतो. थांबा. हर्पिसच्या निदानात आयजीएम चाचणीवर विसंबू नये. जुना संसर्ग पुन्हा उफाळला तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते, शिवाय विषाणूचा प्रकार १ की २ हेही ती खात्रीने सांगत नाही. माझ्या मते ती करूच नये.

उपयोगाची चाचणी म्हणजे प्रकारनिहाय आयजीजी. दोन्ही विषाणूंची बरीचशी प्रथिनं सारखीच असतात, पण ‘ग्लायकोप्रोटीन जी’ वेगळं असतं. त्याविरुद्धची प्रतिपिंडं शोधली तरच प्रकार ओळखता येतो. मात्र ती तयार व्हायला वेळ लागतो. संबंधानंतर १२ आठवड्यांच्या आत आलेलं ‘निगेटिव्ह’ पक्कं मानू नये.

आणखी एक मेख आहे. प्रकार २ च्या एलायझा चाचणीत आकडा १.१ च्या वर गेला की पॉझिटिव्ह धरतात, पण ३.० च्या खालचे बरेच निकाल खोटे निघतात. अशा वेळी वेगळ्या पद्धतीने खात्री करावी लागते. त्यात वेस्टर्न ब्लॉट सर्वांत भरवशाची, पण सहज मिळत नाही.

प्रकार १ ची प्रतिपिंडं तर लहानपणी ओठांवर उठलेल्या फोडांचीही असू शकतात. संसर्ग शरीरात कुठे आहे, हे रक्त सांगत नाही.

अंगावर फोड असेल तर रक्तामागे लागू नका. तो ताजा असतानाच त्यातला स्राव पीसीआरसाठी द्या.