श्रमवृत्ती आणि श्रमसंस्था : मालवण किनाऱ्याच्या आधारे एक विवेचन

अमेरिकन नोकरदार कामात गढलेला आणि युरोपीय नोकरदार सुटीत रमलेला, असे चित्र नेहमी रंगविले जाते. शिमगा आणि गणपती आला की काम टाकून गावी निघणारा, हे कोकणी कामगाराचे चित्रही त्याच जातीचे होय. दोहोंच्या मुळाशी गृहीत एकच आहे : श्रमाची वृत्ती ही समाजाच्या स्वभावात असते. हे गृहीत कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या विषयाची शास्त्रीय मांडणी मॅक्स वेबर याने १९०४-०५ मध्ये केली. नेमलेले काम हेच ईश्वरी कर्तव्य, या प्रॉटेस्टंट भावनेतून आधुनिक भांडवलशाहीची मनोवृत्ती घडली, अशी त्याची उपपत्ती असून तिचा नमुना म्हणून त्याने अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन याची वचने पुढे ठेवली. परंतु पुढील इतिहास या उपपत्तीला सहजी जुळत नाही. १९७० च्या सुमारास पश्चिम युरोपातील कामाचे तास अमेरिकेहून कमी नव्हते. २०२२ मध्ये मात्र अमेरिकेत दर कामगारामागे वर्षाला सुमारे १,८०० तास, तर ल्यूथरच्या जर्मनीत सुमारे १,३५० तास काम झाले. जर्मनीतील अर्धवेळ नोकऱ्यांचे मोठे प्रमाण लक्षात घेतले तरी अंतर उरतेच. पन्नास वर्षांत एखाद्या राष्ट्राचा स्वभाव एवढा पालटत नाही. पालटतात त्या संस्था. प्रेस्कॉट याने २००४ मध्ये या अंतराचे कारण करांत शोधले. अलेसिना, ग्लेझर व सेसरडोट यांनी २००५ मध्ये ते कामगार संघटना व कायदे यांत दाखविले. युरोपीय संघाच्या १९९३ च्या निर्देशाने किमान चार आठवड्यांची पगारी रजा हा हक्क ठरला. अमेरिकेत असा संघराज्यीय कायदा नाही. शिवाय बहुसंख्य नोकरदार कुटुंबांचा आरोग्यविमाही नोकरीशीच बांधलेला आहे.

या विचाराची कसोटी पाहण्यास मालवणचा किनारा विशेष उपयुक्त आहे. कारण या एकाच प्रदेशातील माणसांनी अगदी भिन्न प्रकारच्या श्रमसंस्थांत काम केले आहे.

त्यांपैकी पहिली संस्था रापण. होडीतून लांबलचक जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडावयाचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढावयाची, ही तिची रीत. येथे भोंगा नाही, हजेरीपट नाही. वेळ ठरवितात ती भरती-ओहोटी, वारा आणि माशांची चाहूल. तासन् तास किनाऱ्यावर बसून राहणे बाहेरच्यास आळस वाटेल. पण वाट पाहणे हा त्या कामाचाच भाग आहे. जाळे पडले की मात्र कोणासही उसंत नसते. मिळकतीतून जाळे व होडी यांचा हिस्सा वेगळा काढून उरलेले वाटे रापणकरांत पडतात. दोरीवर एकाने अंग चोरले तर साऱ्यांचाच वाटा घटतो; म्हणून सोबत्यांची नजर हीच येथली शिस्त. घड्याळाऐवजी कार्यानुसार चालणाऱ्या या श्रमाचे विवेचन ई. पी. टॉमसन याने १९६७ मध्ये इंग्लंडच्या संदर्भात केले आहे.

दुसरी संस्था मुंबईची कापडगिरणी. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, ज्यात १९८१ पर्यंत आजचा सिंधुदुर्गही मोडत होता, हजारो माणसे गिरण्यांत गेली. १९११ च्या कायद्याने तेथील पुरुषांचा कामाचा दिवस बारा तासांवर आणला, यावरून त्यापूर्वीची स्थिती ध्यानात येते. हा कामगार वारंवार गावी जातो, ही मालकांची जुनी तक्रार. परंतु मॉरिस डी. मॉरिस याने १९६५ मध्ये दाखविले की, कामगारवर्ग अस्थिर राहण्यास मालकांचेच नोकरभरतीचे धोरण बव्हंशी कारणीभूत होते. शिवाय राज्य विमा कायदा १९४८ चा आणि भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. तोवर आजारपण, बेकारी आणि वार्धक्य यांचा भार गावच्या घराने व शेताच्या तुकड्यानेच वाहिला. गावाशी नाते राखणे ही कामचुकारी नव्हती, तो विमा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर पुष्कळ गिरणीकामगारांना अखेर गावाचाच आधार घ्यावा लागला.

तिसरी संस्था यांत्रिक नौका. रापणीत जाळे ओढणारा तोच वाटेकरी असतो. येथे मालकी आणि श्रम वेगळे झाले. पर्ससीन जाळ्यांनी किनाऱ्याकडे येणारे थवेच आधी उचलले जातात, ही पारंपरिक मच्छीमारांची दीर्घकाळची तक्रार असून फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य शासनाने या मासेमारीवर निर्बंध घातले. ओढलेल्या जाळ्यात वाटाच उरत नसेल, तर तरुणांनी रापण सोडून पर्यटनाकडे वळणे यास कष्टांचा कंटाळा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

याचा अर्थ संस्कारांना काहीच स्थान नाही, असा नव्हे. समान वाट्याचा आग्रह हा रापणीचा संस्कारच आहे. मात्र जी संस्था तो पाळते, तिच्यावाचून तो टिकत नाही. म्हणून श्रमवृत्तीच्या अभ्यासकाने दोन प्रश्न आधी विचारावयास हवेत : श्रमाचे फळ कोणाच्या पदरी पडते, आणि वाईट दिवसांचा भार कोण वाहतो? डेट्रॉइट असो, हँबुर्ग असो की मालवण, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर जे उरेल, तेवढेच स्वभावाच्या खाती मांडणे योग्य होईल.