गिऱ्हाईक जर्सी का जाळतं?



गेल्या आठवड्यात दुकानात कॉलेजची दोन मुलं बास्केटबॉलच्या जर्सी बघत होती. मी गोल्डन स्टेट वॉरियर्सची निळी जर्सी समोर टाकली. एकाने ती हातानेच बाजूला सारली. "ताई, ही फुकट दिली तरी नको." मी म्हटलं, अरे, चॅम्पियन टीम आहे! तर म्हणतो, "म्हणूनच तर."

दहा वर्षं मी स्पोर्ट्सचं सामान विकतेय. किंमत बघून, साईज बघून गिऱ्हाईक माल परत ठेवतं. रागाने ठेवणारं क्वचितच. त्याला चहा पाजला, कारण विचारलं आणि मग रात्री स्वतःच वाचत बसले. व्हिडिओत हा विषय पाच मिनिटांत उरकावा लागला, इथे निवांत सांगते. तुम्ही दुकान टाका, क्लास काढा नाहीतर मेस चालवा, हा राग एक ना एक दिवस तुमच्या काउंटरसमोर उभा राहणार आहे.

आधी त्या मुलाचं कारण. २०१५-१६ च्या सीझनमध्ये वॉरियर्सनी ८२ पैकी ७३ सामने जिंकले. एनबीएमधला हा विक्रम. प्लेऑफमध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरने त्यांना ३-१ असं कोंडीत पकडलं होतं, तिथून ते निसटले. थंडरचा मोठा खेळाडू केविन ड्युरंट. ४ जुलै २०१६ ला त्याने जाहीर केलं, मी वॉरियर्सकडे चाललो. ज्यांनी हरवलं त्यांच्याच घरात! २०१७ आणि २०१८ ची विजेतेपदं वॉरियर्सचीच. सगळं नियमात बसत होतं. पण निकाल आधीच ठरल्यासारखा वाटला तर सामना बघायचा कशाला?

तरी या रागाचा मोठा भाग परक्यांचा, आणि त्याने धंदा बुडत नाही. १९८९ आणि १९९० चे विजेते डेट्रॉइट पिस्टन्स 'बॅड बॉइज' म्हणूनच ओळखले जायचे. धक्काबुक्की हाच त्यांचा खाक्या. बाकीची शहरं शिव्या घालायची, डेट्रॉइट त्यांना डोक्यावर घेऊन नाचायचं. १९९१ मध्ये शिकागो बुल्सकडून हरताना शेवटचे काही सेकंद बाकी असतानाच त्यांचे बरेच खेळाडू हात न मिळवता निघून गेले. लोक अजून ते काढतात, बरं का. असो.

मला भीती वाटते ती दुसऱ्या रागाची. आपल्या माणसाच्या.

लीगला बराच काळ वाटायचं की इमेज म्हणजे दिसणं. नोव्हेंबर २००४ मध्ये डेट्रॉइटजवळच्या स्टेडियममध्ये इंडियाना पेसर्सचे खेळाडू प्रेक्षकांत घुसले, हाणामारी झाली, ९ खेळाडू निलंबित झाले. पुढच्या वर्षी लीगने ड्रेस कोड आणला. साखळ्या नको, ढगळ कपडे नको. अनेक कृष्णवर्णीय खेळाडूंना तो आपल्यावरच नेम धरल्यासारखा वाटला, आणि ते मला पटतं.

तिकीट काढणाऱ्याचं दुखणं वेगळंच आहे. सीझनमध्ये समोरच्या कॉन्फरन्सची टीम तुमच्या शहरात एकदाच येते. बाप पोराला घेऊन जातो आणि तिथे कळतं की स्टार खेळाडू आज 'विश्रांती' घेतोय. २०१२ मध्ये सॅन अँटोनिओ स्पर्सनी मायामीतल्या सामन्याआधी चार प्रमुख खेळाडू घरी पाठवले, लीगने अडीच लाख डॉलर दंड केला. २०२३ पासून मोठ्या पुरस्कारांसाठी किमान ६५ सामन्यांची अट आली. आपल्याकडे बोर्डावर 'स्पेशल थाळी' लिहून आत 'आज नाही' म्हणण्याचाच हा प्रकार.

आता जर्सी जाळण्याकडे येते. लेब्रॉन जेम्स क्लीव्हलँडशेजारच्या ॲक्रनचा. घरच्या टीमकडून सात वर्षं खेळला. ८ जुलै २०१० ला त्याने टीव्हीवर खास कार्यक्रम करून सांगितलं की मी मायामीला जातोय. त्या कार्यक्रमाचे पैसे धर्मादाय कामाला गेले, तरीही त्या रात्री क्लीव्हलँडमध्ये त्याच्या जर्सी पेटल्या. २०१४ मध्ये तो परत आला, २०१६ मध्ये शहराला विजेतेपद दिलं. २०१८ मध्ये पुन्हा गेला, लॉस एंजेलिसला. या वेळी फक्त एजन्सीचं छोटंसं पत्रक. आणि विरोधी टीमकडून क्लीव्हलँडला खेळायला आला तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या! माणूस तोच, शहर तेच, जाणंही तेच. मधल्या काळात त्याने देणं फेडलं होतं, आणि जाताना तमाशा केला नव्हता.

सिएटलचं मात्र कुणी फेडलं नाही. सुपरसॉनिक्स तिथे ४१ वर्षं होती. मालक होते हॉवर्ड शुल्ट्झ, तेच स्टारबक्सवाले, ज्यांची उदाहरणं आपण ट्रेनिंगमध्ये देतो. नव्या स्टेडियमसाठी सरकारी पैसा मिळेना, म्हणून २००६ मध्ये त्यांनी टीम ३५ कोटी डॉलरला ओक्लाहोमाच्या मंडळींना विकली. नवे मालक म्हणाले, इथेच राहायचा प्रयत्न करू. वर्षभरात त्यांच्यातला एक भागीदार वर्तमानपत्राशी बोलताना कबूल करून गेला की टीम सिएटलमध्ये ठेवायला घेतलीच नव्हती. लीगने त्यालाही अडीच लाखांचा दंड केला. २००८ मध्ये शहराशी साडेचार कोटींची तडजोड झाली आणि टीम गेली. नाव आणि हिरवा-सोनेरी रंग तेवढा सिएटलसाठी मागे ठेवला. शुल्ट्झनी पुढे पुस्तकात माफी मागितली. पण सिएटलचे कितीतरी जण थंडरचं नाव ऐकलं तरी तोंड वाकडं करतात.

२०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जही सिएटलला हलणार होती. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे आणि त्यांच्या गटाने ती विकत घेऊन तिथेच ठेवली. २०१९ मध्ये मुंबईत एनबीएचे सामने झाले, त्यात खेळली ती हीच टीम.

सिएटलचं वाचताना मला माझंच आठवत होतं. तीन वर्षांपूर्वी मी जुन्या गल्लीतलं दुकान मेन रोडवर आणलं. भाडं, पार्किंग, सगळा हिशोब बरोबर होता. शटरवर नव्या पत्त्याचा कागद चिकटवला आणि सुटले. गल्लीत एकालाही तोंडाने सांगितलं नाही, कारण कुणी "का जाताय?" विचारलं तर काय बोलायचं, हेच सुचत नव्हतं. पावसात कागद दोन दिवसांत गेला.

आमच्याकडून दर जूनला शाळेसाठी बॉल आणि नेट नेणारे पीटीचे एक सर होते. ते आलेच नाहीत. मला वाटलं, दुसरीकडे स्वस्त मिळालं असेल. वर्षाने एका लग्नात भेटले. मी हसून म्हटलं, सर, विसरलात आम्हाला. ते म्हणाले, "ताई, मी दोनदा शटरसमोर येऊन गेलो. एक फोन केला असता, तर सामान हलवायला दहा पोरं घेऊन आलो असतो."

त्या जूनलाही ते आले नाहीत. या वर्षी मी स्वतः शाळेत जाणार आहे, नेटची ऑर्डर मिळो न मिळो.