बोंडाएवढी गाठ, मुठीएवढी किडनी

नेरहून कुणी पित्ताच्या खड्यांसाठी यवतमाळला सोनोग्राफी करायला जातं आणि रिपोर्टमध्ये भलतंच निघतं: उजव्या मूत्रपिंडात साडेतीन सेंटीमीटरची गाठ. कापसाच्या हिरव्या बोंडाएवढी. दुखणं नाही, लघवीत रक्त नाही. मूत्रपिंडाच्या लहान गाठी हल्ली बहुधा अशाच सापडतात. घरात पहिला प्रश्न उठतो, ‘किडनी काढावी लागंल का?’

पूर्वी उत्तर ‘हो’ असायचं. कुशीवर हातभर चीर, वेळ पडल्यास बरगडीचा तुकडाही काढायचा. १९९० साली अमेरिकेत डॉ. राल्फ क्लेमन यांनी दुर्बिणीतून पहिल्यांदा मूत्रपिंड काढलं. चीर लहान झाली, मूत्रपिंड मात्र अख्खंच जायचं. मोठा बदल झाला तो फक्त गाठ काढून बाकीचं राखता येऊ लागल्यावर.

हे काम नाजूक आहे. दोन्ही मूत्रपिंडांतून मिनिटाला लिटरभर रक्त वाहतं. म्हणून आधी धमनीला चिमटा लावतात. मग साधारण २५ ते ३० मिनिटांत गाठ कापून, जखम शिवून चिमटा सोडायचा. उशीर झाला तर रक्ताविना मूत्रपिंड खराब होऊ लागतं. दुर्बिणीची ताठ अवजारं टाके घालताना अडतात. रोबोटच्या अवजारांना मनगटासारखा सांधा असतो, त्यामुळे आडजागीही सुई वळते. चालवणारा सर्जनच असतो, म्हणून त्याचा सराव यंत्राइतकाच मोलाचा.

तीन सेंटीमीटरपर्यंतच्या गाठीला सुईचाही उपाय आहे. स्कॅनवर पाहत सुई गाठीत नेतात. आर्गॉन वायूने गाठीभोवती बर्फाचा गोळा धरतो, किंवा रेडिओलहरींनी ती ६० अंशांपुढे तापवून जाळतात. थकलेल्या, मोठी भूल न झेपणाऱ्या रुग्णाला हे सोपं जातं. पण गाठ पुन्हा डोकं काढण्याचा धोका थोडा जास्त, म्हणून पुढच्या तपासणीची एकही खेप चुकवायची नाही.

चार सेंटीमीटरच्या आतल्या सुमारे पाचातली एक गाठ कर्करोगाची नसतेच. वय झालेल्यांत काही वेळा नुसती नजर ठेवणंही पुरतं.

राखलेल्या मूत्रपिंडाला पुढे कित्येक वर्षं साखर आणि रक्तदाब सोसायचा असतो. म्हणून होकार देण्याआधी डॉक्टरांना विचारा: गाठ केवढी, कुठे, आणि किडनी राखता येईल का? दुर्बीण, रोबोट की सुई, हे त्यानंतर ठरू द्या.