घरमालकाचं टेबल, आपलं डिपॉझिट

आज बोलायचंय ते डायनिंग टेबलाबद्दल. हसू नका. आपल्या बचत गटांतल्या कितीतरी जणी भाड्याच्या घरात राहतात, आणि हल्ली मालक पलंग, कपाट, टेबल असं सामान ठेवूनच घर देतात. जेवायला आपण बहुतेक वेळा खालीच बसतो, पण टेबलावर दिवसभर काम चालू असतं. पापड लाटायचे तिथेच, मसाल्याच्या पुड्या भरायच्या तिथेच, मुलांचा अभ्यास तिथे आणि इस्त्रीही तिथेच. घर सोडायच्या दिवशी मालक पहिला हात फिरवतो तो त्याच टेबलावरून. आमच्या एका ताईंच्या डिपॉझिटमधून कुकरच्या एका पांढऱ्या गोल डागापायी चार हजार रुपये कापले गेले. तेवढ्यात त्यांचे कर्जाचे दोन हप्ते भागले असते. वाईट याचं वाटतं, की तसला पांढरा डाग बहुधा लाकडात गेलेलाच नसतो.

हे कसं, ते समजून घेऊ. आपल्याला दिसतं ते नुसतं लाकूड नसतं, त्यावर पॉलिशचा पातळ थर असतो. गरम भांडं ठेवलं की थर मऊ पडतो, खालची वाफ त्यात शिरते आणि तिथेच अडकते. म्हणून डाग पांढरा, धुरकट दिसतो. डाग काळा असेल तर गोष्ट वेगळी, पाणी पॉलिश ओलांडून लाकडापर्यंत पोचलेलं असतं. पांढरा डाग घालवता येण्याची आशा असते, काळ्यासाठी सुतारच लागतो.

काळ्या डागाचं आणखी एक कारण आपल्या स्वयंपाकघरात आहे. लाकडात टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो. बाभळीच्या सालीत तो भरपूर, म्हणून तर ती साल चामडं कमवायला वापरतात. ओलं लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की काळा रंग तयार होतो. धुतलेला तवा किंवा कढई टेबलावर रात्रभर उपडी घालून ठेवली, की सकाळी कडेचा काळा गोल उमटलेला दिसतो तो यामुळे. लोखंडाची भांडी टेबलावर ठेवूच नका, ओली तर नाहीच नाही.

आता तुमचं टेबल कोणत्या जातीचं आहे ते बघा. जुन्या सागवानी किंवा शिसवी टेबलाला बऱ्याचदा लाखेचं पॉलिश असतं. लाखेच्या किड्यांपासून मिळणारी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून ते करतात. ते दिसतं सुंदर, पण नाजूक असतं. उष्णतेने मऊ होतं आणि स्पिरिटने परत विरघळतं. म्हणजे हाताला लावायचं सॅनिटायझर किंवा अत्तर त्यावर सांडलं तरी चट्टा पडतो. नव्या टेबलांना मेलामाइन किंवा पीयू पॉलिश असतं, ते बरंच दणकट. तिसरा प्रकार सनमायका लावलेला. तो वरून पुष्कळ सोसतो, पण कडेच्या फटीतून पाणी आत गेलं की पट्टी सुटते, आणि आत भुशाचा दाबलेला बोर्ड असेल तर तो फुगतो. फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही. ओळख पटत नसेल तर सुताराला विचारा, नाहीतर टेबल नाजूकच आहे असं धरून चाला.

गरम भांड्याखाली काय ठेवायचं? पातळ रुमाल किंवा वर्तमानपत्र उपयोगाचं नाही, वाफ त्यातून सरळ खाली जाते. पाय असलेली अडणी सगळ्यात चांगली, कारण खालून हवा खेळते. ती नसेल तर लाकडी पाट ठेवा, किंवा जुन्या साडीची जाड चुंबळ करा. डोक्यावर हंडा घेताना करायच्या ना, तशीच. कुकर मात्र चुंबळीवरही नको, तो ओट्यावरच राहू दे. इस्त्रीसाठी गोधडीची चौपदरी घडी अंथरा, आणि वाफेची इस्त्री असेल तर टेबलावर करूच नका.

बऱ्याच जणी टेबलावर प्लास्टिक अंथरून निर्धास्त होतात. मला ते पटत नाही. स्वस्त प्लास्टिक पॉलिशला चिकटतं आणि काढताना थरासकट निघतं. शिवाय त्याखाली पाणी शिरलं तर वाळायला वाटच नसते. प्लास्टिक हवंच असेल तर खाली सुती चादर घाला आणि आठवड्यातून एकदा दोन्ही उचलून टेबल कोरडं होऊ द्या. पावसाळ्यात तर नक्कीच.

शेवयांचं यंत्र किंवा नारळाची खोवणी टेबलाच्या कडेला आवळताना वर-खाली लाकडाची चपटी पट्टी किंवा जाड पुठ्ठा घाला, नाहीतर कडेला कायमचा खळगा पडतो. मुलं वहीचा एकच कागद घेऊन बॉलपेनने जोर देऊन लिहितात, तेव्हा अक्षरं पॉलिशवर उमटतात. त्यांना परीक्षेचा पॅड द्या. हळद सांडली तर लगेच पुसा. पिवळा डाग राहिलाच तर घाबरू नका, हळदीचा रंग उन्हाने विटतो. खिडकीतलं ऊन काही दिवस लागलं की तो फिका होतो.

पायांकडे कोणी बघत नाही. आपण रोज फरशी पुसतो, पाय ते पाणी खालून शोषतात, आणि वाळवीही तिथूनच चढते. पायांना रबरी बूच बसवा आणि टेबल भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. पायावर मातीची बारीक नळी दिसली तर ती वाळवीच. त्याच दिवशी मालकाला फोन करा. फोटोही पाठवा, म्हणजे आधी कळवलं होतं याचा पुरावा राहतो.

पांढरा डाग पडलाच तर आधी दोन दिवस काहीच करू नका, हवेवर असू द्या. अडकलेली ओल कधी कधी आपोआप निघून जाते. नाही गेला तर केस वाळवायचं यंत्र अगदी मंद ठेवून, लांबून, हलवत हलवत फिरवा. नंतर खोबरेल तेलाचं बोट हलक्या हाताने चोळून कोरड्या फडक्याने पुसा. टूथपेस्टने घासायचा उपाय सगळीकडे सांगतात. पण टूथपेस्ट म्हणजे बारीक खरखरीत पूड. डाग जाईल, सोबत चकाकीही जाईल. लिंबू आणि सोडा तर लावूच नका. दुसऱ्याच्या टेबलावर प्रयोग नकोत.

आता कागदाचं बोलू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणून अकरा महिन्यांचा करार करताना सामानाची यादी त्याला जोडायला सांगा. यादीत नुसतं ‘एक टेबल’ लिहू नका. ‘सहा खुर्च्यांचं सागवानी टेबल, डाव्या कोपऱ्याला जुना ओरखडा, एक पाय हलतो’ असं लिहा. रोजच्या वापराने होणारी झीज भाडेकरूकडून वसूल करायची नाही, एवढं एक वाक्य करारात घालून घ्या. ते आधी मागायला लाजू नका, नंतर भांडायला जास्त लाज वाटते.

घरात शिरलात त्याच दिवशी, सामान लावायच्या आधी, टेबलाचे वरून, कडेने आणि खालून फोटो काढा आणि मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून द्या. तारीख आपोआप पडते. घर सोडताना त्याच कोनांतून पुन्हा फोटो काढा. यादीवर मालकाची सही घ्या, मगच किल्ली द्या.