मोर पाहणारी देवी

चेन्नईतल्या मयिलापूरला राहायला आले, त्याच आठवड्यात शेजारच्या मामींनी मला कपालीश्वराच्या देवळात नेलं. आवारात पुन्नैचं झाड आहे. आपल्या कोकणातली उंडी ती हीच, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. झाडाजवळच्या छोट्या देवळीत शिवलिंगाची पूजा करणारी लांडोर आहे. ती पार्वती.

स्थलपुराण असं: शंकर पंचाक्षरी मंत्राचा अर्थ सांगत होते, आणि पार्वतीचं लक्ष नाचणाऱ्या मोराकडे गेलं. शाप मिळाला, ती लांडोर झाली, इथे तप करून मूळ रूपात आली. तमिळमध्ये मयिल म्हणजे मोर. गावाचं नाव त्यावरूनच पडलं, असं मामी सांगतात.

कपालीश्वर या नावामागेही चूकच आहे, ब्रह्मदेवाच्या गर्वाची. त्यापायी शंकरांनी त्याचं पाचवं मस्तक छाटलं आणि ते कपाल हाती धरलं. मला यावरून टोल्कीनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला जादूगार सारुमान आठवतो: जन्माने देवांच्या जवळचा, पण सत्ता देणाऱ्या अंगठीच्या लोभाने बुडतो. एकाला गर्व भोवला, दुसऱ्याला सत्तेची हाव. पार्वती मात्र चुकली ती सुंदर काही दिसलं म्हणून. मला तीच जवळची वाटते.

मोराकडे पाहिल्याचा तिला पश्चात्ताप झाला, असं मामींच्या गोष्टीत कुठेच नव्हतं.