तुरळक ठिकाणी म्हणजे कुठे?

धानाच्या रोवणीचे दिवस आहेत. तुमसर तालुक्यातल्या एका गावात पऱ्हे उपटायला आलेत, बांधीत पाणी कमी पडतंय आणि घरातले सगळे आभाळाकडे बघताहेत. तेवढ्यात रेडिओवर ऐकू येतं, ‘विदर्भात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता.’ संध्याकाळी शेजारच्या गावात धो धो पाऊस पडतो आणि आपल्या बांधीत थेंबही नाही! घरातले आबाजी म्हणतात, “बघ, अंदाज चुकला.”

खरंच चुकला का? चला, हिशेब करून बघू.

हवामान खात्यात ‘तुरळक’ या शब्दाला ठरलेलं माप आहे. पाऊस मोजणाऱ्या 100 केंद्रांपैकी 25 पर्यंत केंद्रांवर पाऊस पडला, तर तो तुरळक ठिकाणी पडला. 26 ते 50 केंद्रांवर पडला, तर ‘काही ठिकाणी’. म्हणजे ‘तुरळक’ सांगितलं असताना 75 केंद्रं कोरडी राहिली, तरी अंदाज बरोबरच! गडगडाट करणारा एकटा ढग अनेकदा काही किलोमीटरच रुंद असतो. तो शेजारच्या गावावर रिकामा झाला, की आपली बांधी कोरडीच राहते.

मग हा अंदाज बांधतात कसा? तुमसरपासून सरळ रेषेत सत्तर-ऐंशी किलोमीटरवर नागपूर आहे. तिथून पहाटे आणि संध्याकाळी एक मोठा फुगा आकाशात सोडतात. त्याला बांधलेलं छोटंसं यंत्र विमानांच्याही वर जातं आणि तिथलं तापमान, हवेचा दाब, ओलावा खाली कळवत राहतं. शिवाय नागपूरचं रडार ढगांकडे लहरी पाठवतं. पावसाच्या थेंबांवर आपटून त्या परत आल्या, की ढग किती दूर आहे ते समजतं. आणखी एक गंमत सांगू? आपल्याकडचा मोठा पाऊस बऱ्याचदा पूर्वेकडून येतो. बंगालच्या उपसागरात हवेचा दाब कमी झाला, की तिथून पावसाचे ढग ओडिशा, छत्तीसगड ओलांडून भंडारा-गोंदियावर येतात.

आता पाऊस मोजायची तुमची पाळी. उभ्या, सरळ भिंतींचा एक डबा घ्या. तळ सपाट हवा. झाड, भिंत, छप्पर यांपासून दूर, मोकळ्या अंगणात तो ठेवा. शेजारी सरळ भिंतींचाच एक अरुंद पेला ठेवा. पाऊस थांबल्यावर दोन्हींत मोजपट्टी उभी धरा. डब्यात पाणी जास्त आहे, पण उंची? जवळजवळ सारखीच! रुंद तोंडात थेंब जास्त पडतात, पण ते पसरतातही तेवढ्याच रुंद तळावर. म्हणून पाऊस लिटरमध्ये न सांगता मिलिमीटरमध्ये सांगतात.

हा मिलिमीटर दिसतो एवढासा, पण एका चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. एका एकरावर 10 मिलिमीटर पडला, तर सुमारे 40 हजार लिटर! एवढं पाणी आणायला दहा हजार लिटरचे चार टँकर लागतील.

हवामान खातं रोज सकाळी साडेआठला आदल्या चोवीस तासांचा पाऊस मोजतं. तुम्हीही त्याच वेळी मोजा, वहीत तारीख आणि आकडा लिहा आणि डबा रिकामा करून परत ठेवा. शेजारी आदल्या दिवशीचा अंदाजही लिहा. शेजारच्या गावातल्या मित्रालाही अशीच वही ठेवायला सांगा आणि आठवड्याने दोन्ही वह्या जुळवून बघा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे काय, ते मग आबाजींना तुम्हीच समजावून सांगाल.