संत्र्याच्या बागेतले बारा बाइट

वरूड-मोर्शीकडे संत्र्याचा मृग बहार धरायचा म्हणजे मे महिन्यात झाडांना ताण द्यायचा. पाणी कधीपर्यंत तोडायचं हे जमिनीच्या ओलीवर ठरतं. म्हणून मुळांजवळ दोन खोलींवर सेन्सर पुरतात आणि त्यांचे आकडे बागेतल्या पेट्या लोरा रेडिओवरून गेटवेकडे पाठवतात. या पेट्यांचं सॉफ्टवेअर मी लिहितो. त्यात सगळ्यात जास्त डोकं लागलं ते एकाच ठिकाणी: आकडे कोणत्या साच्यात बांधायचे आणि त्यासाठी कोणती लायब्ररी घ्यायची.

भारतात लोरा रेडिओवरचं लोरावॅन जाळं ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. बाग लांब असली की रेडिओला सर्वांत संथ गतीवर यावं लागतं, आणि त्या गतीला एका संदेशात ५१ बाइटच मावतात. आमचे आकडे चार: दोन ओलावे, मातीचं तापमान, बॅटरीचे मिलिव्होल्ट. पूर्ण इंग्रजी नावांसह ते जेसन या साच्यात लिहिले तर ५९ बाइट होतात, म्हणजे जातच नाहीत. सीबॉरमध्ये तीच नावं ठेवली तर ४६, नावांच्या जागी क्रमांक दिले तर १७. प्रोटोबफमध्ये १२. आणि काहीच न वापरता दोन-दोन बाइट ओळीने मांडले तर ८.

त्या आठाचा मोह अनेकांना पडतो. पण बॅटरी संपते ती रेडिओ किती वेळ चालू राहिला त्यावर. लोरावॅनचे स्वतःचे १३ बाइट मिळवून हिशेब मांडला तर कळतं, की या गतीला हवेतला वेळ पाच-पाच बाइटच्या टप्प्यांनी वाढतो. ८ बाइटच्या संदेशाला साधारण १.४८ सेकंद लागतात, १२ बाइटच्या संदेशालाही तेवढेच. तेराव्या बाइटला मात्र वेळ १.६५ वर जातो, आणि नावांसकट सीबॉरचा संदेश २.६३ सेकंद खातो. म्हणजे प्रोटोबफचे वरचे चार बाइट आम्हाला फुकट मिळतात, आणि त्या चार बाइटांत प्रत्येक आकड्याची ओळख, म्हणजे त्याच्या रकान्याचा क्रमांक, असते. ही ओळख मला फार मोलाची वाटते.

प्रोटोबफची गूगलने दिलेली मूळ सी-प्लस-प्लस लायब्ररी २० किलोबाइट रॅमच्या चिपसाठी नाहीच. तिथे पेट्टेरी आइमोनेन यांची नॅनोपीबी कामाला येते. ती साध्या सी भाषेत आहे, कोड काही किलोबाइटचा, आणि मुख्य म्हणजे चालू असताना नव्याने मेमरी मागावी लागत नाही. जी पेटी महिनोन्‌महिने कुणी उघडणार नाही, तिच्यात मला हेच हवं. सीबॉरसाठी क्यूसीबॉरही याच शिस्तीची आहे. संदेशाचा आराखडा आधी ठरलेला नसता तर मी तीच घेतली असती.

लायब्ररी ठरली तरी आकड्यांचे प्रकार निवडायचे उरतात, आणि इथे वऱ्हाडची माती मध्ये येते. मे महिन्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात, सेन्सर भेगेत उघडा पडतो आणि ओल शून्य दाखवतो. प्रोटोबफच्या तिसऱ्या आवृत्तीत साधा रकाना शून्य असला तर पाठवलाच जात नाही. मग वावरातला प्रश्न उभा राहतो: ओल शून्य हाय का मशीन बंद हाय? रकान्यापुढे ‘ऑप्शनल’ लिहिलं की शून्यही जातं आणि दोन्ही गोष्टी वेगळ्या कळतात.

दुसरा प्रश्न उणे आकड्यांचा. वरूडच्या मातीचं तापमान शून्याखाली जात नाही, म्हणून तो विचार सोडून द्यावासा वाटतो. पण डीएस१८बी२० या तापमानाच्या सेन्सरची वायर तुटली की त्याची नेहमीची आर्डुइनो लायब्ररी उणे १२७ देते. दशांशासाठी दहापट करून हा आकडा ‘इंट३२’ प्रकारात पाठवला तर एकटाच दहा बाइट घेतो, उणे आकड्यांसाठीच्या ‘सिंट३२’मध्ये दोन. नेमकी बिघाडाची बातमी देणारा संदेश लांबावा, हे मला पटत नाही.

अकोल्याकडे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक आकडा लागतो, क्षारतेचा. तो पाचव्या क्रमांकाचा रकाना म्हणून जोडला की संदेश १५ बाइटचा होतो, वेळ एक टप्पा वाढतो, आणि वरूडच्या जुन्या पेट्यांना हात लावावा लागत नाही. उद्या एखादा रकाना काढलाच, तर त्याचा क्रमांक ‘रिझर्व्ह्ड’ लिहून कायमचा बंद करायचा, म्हणजे एखाद्या जुन्या पेटीचा ओलावा क्षारता म्हणून वाचला जाणार नाही.